पिल्लाच्या अंगावरच्या पिसवा: आधी फणी, मग औषध

"मांजर म्हटलं की पिसवा असायच्याच, मोठं झालं की जातील," असं मांजरं पाळणाऱ्या घरांतही सर्रास ऐकू येतं. धडधाकट बोक्याच्या बाबतीत एक वेळ हे चालून जाईल. चार आठवड्यांच्या पिल्लाच्या मात्र ते जिवावर बेततं. त्या वयाच्या पिल्लाचं वजन साधारण ४०० ग्रॅम असतं आणि अंगातलं सगळं रक्त मिळून जेमतेम २५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे. पिसवांच्या सत्तरेक माद्या मिळून दिवसाला सुमारे एक मिलिलिटर रक्त ओढतात. असे आठ-दहा दिवस गेले की पिल्लू निपचित पडतं, दूध सोडतं, अंग गार लागतं. वरचा ओठ उचलून हिरड्या बघा. निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी असतात. त्या पांढुरक्या दिसल्या तर घरचे उपाय थांबवा आणि पिल्लाला उबेत गुंडाळून ताबडतोब पशुवैद्यांकडे न्या.

पिसवा दिसत नाहीत म्हणजे त्या नाहीतच, असंही धरून चालू नका. दोन-तीन मिलिमीटरचा हा किडा केसांतून झपाट्याने पळतो. शेपटीच्या बुडाशी, मानेखाली काळी कणी दिसली तर ती ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा आहे आणि तो रंग पिल्लाच्याच पचलेल्या रक्ताचा आहे.

सगळ्यात जास्त जीव घेणारा गैरसमज वेगळाच आहे: "कुत्र्याचं औषध आहे ना घरात, त्यातलेच दोन थेंब मांजराला लावू." कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत ते पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी यंत्रणा फार दुबळी असते, त्यामुळे विष अंगात साचत जातं. आधी कान आणि कातडी थरथरते, मग सगळं अंग कापायला लागतं, झटके येतात, ताप चढतो. मोठी मांजरंही यात दगावतात, मग पिल्लाची काय कथा. म्हणून "थोडंसंच लावू" हा हिशेब इथे चालत नाही. गावाकडे गाईम्हशींच्या गोचिडांसाठी जे औषध पाण्यात कालवून लावतात, त्यातही बऱ्याचदा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. ही पर्मेथ्रिनचीच भावंडं, तीही मांजरापासून लांब ठेवायची. चुकून असं काही लागलंच, तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण घेऊन अंग लगेच धुवा, कोरडं करा आणि औषधाचं वेष्टन बरोबर घेऊन दवाखाना गाठा. झटके यायला लागले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट निघा.

हे ऐकलं की लोक घरगुती उपायांकडे वळतात. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हा पुढचा गैरसमज. कापूर विषारी आहे. निलगिरी किंवा टी-ट्रीचं तेल पिल्लू अंग चाटताना पोटात घेतं, शिवाय ते कातडीतूनही आत शिरतं. लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि पिसवांनी आधीच रक्त ओढलेल्या पिल्लाला तेच नेमकं नको असतं. कडुनिंबाच्या तेलानेही मांजरांना विषबाधा झालेली आहे. रॉकेलने कातडी भाजते आणि त्याचा अंश फुफ्फुसात गेला तर पिल्लू वाचवणं अवघड होतं. जखमेवर माणसं लावतात ते जंतुनाशक आंघोळीच्या पाण्यात घालणंही तितकंच वाईट, कारण फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराला झेपत नाहीत.

मग करायचं काय? उवा काढायची बारीक दातांची फणी बहुतेक घरांत असते. तीच घ्या, मात्र पिल्लासाठी वेगळी ठेवा. शेजारी वाडग्यात साबणाचं पाणी ठेवा. नुसत्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निघून जाते, साबणाच्या पाण्यात मात्र बुडते. डोक्यापासून शेपटीकडे, पोटाखाली, जांघेत हळूहळू फणी फिरवायची आणि दर फेरीला वाडग्यात बुडवायची. नखावर चिरडू नका, कारण तिच्या पोटात फीतकृमीची अळी असू शकते. चाटताना अशी पिसू पिल्लाने गिळली की तो जंत त्याच्या आतड्यात वाढतो आणि शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढे तुकडे दिसायला लागतात. तेव्हा पशुवैद्यांकडून जंताचं औषधही विचारून घ्यावं.

पिल्लू चार आठवड्यांहून लहान असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फणीवरच भागवा. या वयात त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही आणि ओलं पिल्लू बघता बघता गारठतं. पिसवा फारच असतील आणि पिल्लू तरतरीत असेल, तर अंगाला कोमट लागेल एवढंच पाणी घेऊन झटपट आंघोळ घालता येते. आधी मानेभोवती फेसाचं कडं करायचं, नाहीतर पिसवा तोंडाकडे, कानांत पळतात. डोकं पाण्यात बुडवायचं नाही, तोंडावरच्या पिसवा फणीने काढायच्या. नंतर टॉवेलने पूर्ण कोरडं करून उबेत ठेवायचं.

याचा अर्थ पिल्लांसाठी औषधच नाही, असा नाही. थेंबांची काही औषधं आठ आठवड्यांनंतर चालतात, काही गोळ्यांना वयासोबत वजनाचीही अट असते. फिप्रोनिलचा एक फवारा काही देशांत दोन दिवसांच्या पिल्लांसाठीही मान्य आहे. पण पिल्लू तराजूवर ठेवून, वय पाहून ते ठरवायचं काम पशुवैद्यांचं. दुकानदाराच्या अंदाजावर औषध घेऊ नका.

"औषध लावलं तरी पिसवा आहेतच, म्हणजे औषध नकली," ही तक्रार बहुतेक वेळा चुकीची असते. अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांतल्या जेमतेम पाच टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोश घरात असतात. एक मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालते आणि ती केसांतून घरंगळून गोधडीत, चटईखाली, सोफ्याच्या फटीत, जिन्याखालच्या गोणपाटात पडतात. कोशातली पिसू महिनोन् महिने दबून राहते आणि माणसाच्या किंवा मांजराच्या पावलांची हालचाल जाणवली की बाहेर येते. म्हणून बंद घर उघडल्यावर घोट्यांना चावे बसतात. कोकणातली, मुंबईतली पावसाळी दमट हवा अळ्यांना मानवते, कोरडं ऊन मात्र त्यांना मारतं. पिल्लांचं अंथरूण दर दोन-तीन दिवसांनी कढत पाण्यात धुवा, कडक उन्हात टाका, फटींतून व्हॅक्युम फिरवा, नसेल तर केरसुणीने कोपरेन् कोपरे झाडून केर घराबाहेर फेका. हे दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं. आणि पिल्लांच्या आईला विसरू नका. तिच्या अंगावर पिसवा राहिल्या तर पिल्लं दूध प्यायला जातील तेव्हा पुन्हा तेच. ती अंगावर पाजणारी आहे, हे पशुवैद्यांना आठवणीने सांगा.

पिसवांच्या भीतीने पिल्लं बाजारात, देवळामागे सोडून येणारेही आहेत. "प्लेग होतो," असं ते म्हणतात. मुंबईत १८९६ साली पसरलेल्या प्लेगची आठवण अजून पुसलेली नाही, पण तो रोग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरला. मांजराची पिसू वेगळ्या जातीची आहे आणि प्लेग पसरवण्यात ती कच्ची आहे. ती माणसाला चावते, खाज येते, कधी तिच्यामार्फत इतर जिवाणूही येतात, म्हणून फणी फिरवून झाली की हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना त्या अंथरुणावर लोळू देऊ नका. एवढी काळजी घेतली तर पिल्लं घरात ठेवायला हरकत नाही.