थ्रॉटलचे गरम पाणी तोडल्याने गाडीची ताकद वाढते का?

मोरा (उरण), प्रतिनिधी – पेट्रोल गाडीच्या इंजिनात हवा ज्या दारातून शिरते, त्या थ्रॉटल बॉडीला अनेक गाड्यांमध्ये कूलंटची एक बारीक नळी जोडलेली असते. इंजिनातील गरम पाणी या नळीतून थ्रॉटल बॉडीच्या अंगातून फिरून परत जाते. ही नळी काढून तिची दोन टोके परस्पर जोडली, की आत जाणारी हवा थंड राहते, इंजिन जादा ताकद देते आणि पिकअप सुधारतो, असा सल्ला गाडीत फेरफार करण्याची हौस असणाऱ्यांमध्ये अनेक वर्षे दिला जातो. ज्या किनाऱ्यावर बर्फ कधी पडत नाही, तेथे तर हा सल्ला अधिकच पटण्याजोगा वाटतो. त्यामुळे त्यात तथ्य किती, हे आकड्यांच्या आधारे तपासून पाहणे आवश्यक आहे.

गरम पाणी कशासाठी?

थ्रॉटलची झडप थोडीशीच उघडी असते, तेव्हा अरुंद फटीतून हवा अतिशय वेगाने जाते. तिचा दाब कमी होतो आणि तापमानही उतरते. हवा मुळातच थंड व दमट असेल, तर तिच्यातील बाष्प झडपेच्या कडेवर गोठू लागते. क्रँककेसमधून परत येणाऱ्या ओलसर वायूंची त्यात भर पडते. झडपेवर बर्फ धरला, की ती अडकण्याची भीती असते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यानंतरही झडप बंद झाली नाही, तर काय घडेल हे सांगायला नको. ही आपत्ती टाळण्यासाठी गरम पाण्याची योजना केलेली असते.

कार्ब्युरेटरच्या काळात हा धोका मोठा होता. त्यात पेट्रोलचे बाष्पीभवन तेथेच होत असल्याने थंडावा आणखी वाढे. भारतात २००० सालच्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक होऊ लागले आणि कार्ब्युरेटरची जागा एमपीएफआय प्रणालीने घेतली. या प्रणालीत पेट्रोल थ्रॉटलच्या पुढे, सिलिंडरच्या तोंडाशी फवारले जाते. त्यामुळे बर्फ धरण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली, मात्र ती पूर्णपणे संपली नाही.

हवा तापते तरी किती?

थंड हवा घन असते, तिच्यात प्राणवायू अधिक असतो व त्यामुळे ताकद वाढते, हे तत्त्व खरेच आहे. प्रश्न एवढाच, की थ्रॉटलमधून जाताना हवा किती तापते?

एक १२०० सीसीचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी पूर्ण जोरात चालले आहे, असे समजू. चार फटक्यांचे हे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० लिटर. थ्रॉटलचा व्यास ४५ मिलिमीटर धरला, तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे ३८ मीटर होतो. पाच सेंटिमीटर लांबीचा तो मार्ग हवा सेकंदाच्या सुमारे साडेसातशेव्या भागात ओलांडते. भिंतीचे तापमान ९० अंश सेल्सिअस धरूनही उष्णतावहनाच्या नेहमीच्या सूत्रांनुसार एवढ्या अल्प वेळात हवा फार तर एक ते दीड अंशाने तापते.

त्याचा ताकदीवर होणारा परिणाम आयएसओ १५८५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या आधारे काढता येतो. पेट्रोल इंजिनासाठी या मानकातील सूत्रानुसार हवा दहा अंशांनी तापली, तर ताकद सुमारे दोन टक्क्यांनी घटते. दीड अंशासाठी हे प्रमाण ०.३ टक्के होते. म्हणजे ८० अश्वशक्तीच्या गाडीत पाव अश्वशक्तीचा लाभ! एक टन वजनाच्या गाडीच्या डिकीतून तीन लिटर पाण्याचा कॅन उतरवून ठेवला, तरी पिकअपमध्ये जवळपास एवढाच फरक पडेल.

हे गणित पूर्ण जोराचे आहे. उरणच्या रस्त्यावर कंटेनर ट्रेलरच्या मागे रांगेत असताना थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो. त्या वेळी हवेचा वेग कमी असल्याने ती अधिक तापते, हे खरे. पण तेव्हा चालकाला पूर्ण ताकद नकोच असते आणि कमी पडलेली हवा अ‍ॅक्सिलरेटर किंचित अधिक दाबून भरून काढता येते.

मोऱ्याची हवा काय सांगते?

समुद्रकाठच्या दमट हवेचा विचार केला, तर हा लाभ आणखीच क्षुल्लक ठरतो. तापमान ३० अंश व आर्द्रता ८० टक्के असते, तेव्हा हवेचा सव्वातीन टक्क्यांहून अधिक भाग पाण्याच्या वाफेने व्यापलेला असतो. तेवढ्या प्रमाणात इंजिनाला मिळणारा प्राणवायू कमी होतो. नळी तोडून जे ०.३ टक्के मिळवायचे, त्याच्या दहापट ताकद पावसाळी हवा काहीही न तोडता हिरावून घेते आणि ती चालकाच्या ध्यानातही येत नाही.

आता दुसरी बाजू. समोरच्या कुलाब्यात २२ जानेवारी १९६२ रोजी ११.७ अंश हे नीचांकी तापमान नोंदले गेले होते. एमपीएफआय गाडीच्या थ्रॉटलमध्ये बर्फ धरावा, अशी थंडी मोऱ्यात पडत नाही. म्हणजे येथे या गरम पाण्याची फारशी गरज नाही, हे मान्य करावे लागेल. पण गाडी केवळ मोरा ते पनवेल धावत नाही. निफाड किंवा महाबळेश्वरच्या पहाटे आणि हिमाचलच्या सहलीत हीच नळी उपयोगी पडते.

खरा धोका गळतीचा

कूलंट दाबाखाली असते. नळी कापून केलेला नवा जोड, सैल क्लिप किंवा हलक्या प्रतीची रबरी नळी यांमुळे गळती सुरू झाली, तर दाब उतरतो, पाणी उकळते आणि इंजिन तापते. हेड गॅसकेट जळाले किंवा हेड वाकले, तर पाव अश्वशक्तीच्या मोहापायी इंजिन उघडण्याची वेळ येते. शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. सुमारे २२ किलोमीटरच्या त्या मार्गावर समुद्राच्या मधोमध गाडी तापली, तर आसपास ना गॅरेज, ना पाणी. मुदतीत असलेली वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता वेगळीच.

सीएनजी गाडीबाबत तर अधिक दक्षता हवी. टाकीतील गॅस सुमारे २०० बार दाबाचा असतो. रेड्यूसरमध्ये हा दाब उतरताना गॅस कमालीचा गारठतो, म्हणून रेड्यूसरलाही गरम कूलंट दिलेले असते. नळ्यांच्या गुंत्यात भलतीच नळी बंद झाली, तर रेड्यूसर गोठून गाडी बंद पडू शकते. काही जुन्या गाड्यांत कूलंटच्या उष्णतेने प्रसरण पावणारी मेणाची गोळी आयडलिंग नियंत्रित करते. तिला उष्णता मिळाली नाही, तर इंजिन तापल्यावरही आयडलिंग चढे राहते आणि पेट्रोल वाया जाते.

मग फरक जाणवतो कसा?

नळी तोडल्यावर थ्रॉटल बॉडी हाताला कमी गरम लागते, पण धातू थंड होणे म्हणजे हवा थंड होणे नव्हे. अनेक गाड्यांत हवेचे तापमान मोजणारा सेन्सर थ्रॉटलच्या आधीच असतो. त्यावरील आकडा उतरला, तर ते श्रेय बदललेल्या हवामानाचे असते. शिवाय हे काम करताना थ्रॉटलवरील काजळी साफ केली असेल, तर सुधारलेले आयडलिंग हे त्या साफसफाईचे फळ असते.

पिकअप मंदावला असेल, तर वाहनधारकांनी प्रथम एअर फिल्टर पाहावा. ट्रेलरच्या वर्दळीत उडणाऱ्या धुळीने तो लवकर भरतो. त्यानंतर स्पार्क प्लग, टायरमधील हवा आणि बाहेरची थंड हवा आत आणणारा पाइप जागेवर आहे की नाही, हे तपासावे. कूलंटची पातळी मात्र इंजिन थंड असतानाच पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. थ्रॉटलची नळी आहे तेथेच राहू द्यावी. ती काढून मिळणारी ताकद चालकाला जाणवणार नाही. तिच्या जोडातून झालेली गळती मात्र इंजिनाला महाग पडेल.