पेडलाखालची खात्री

काशीयात्रा म्हटली की विदर्भातील मागच्या पिढीला रेल्वेचा डबा आठवतो. आता नागपूरहून जबलपूर, रीवा, मिर्झापूर या मार्गाने स्वतःच्या मोटारीने वाराणसी गाठणारी कुटुंबेही दिसू लागली आहेत. मोटारीही पूर्वीच्या राहिल्या नाहीत. टर्बो इंजिनाची, शंभराहून अधिक अश्वशक्तीची गाडी आज मध्यमवर्गीयाच्या दारात उभी असते. तिचा वेग किती, हे प्रत्येक खरेदीदार विचारतो. तो वेग आवरणाऱ्या पेडलाची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो.

वाराणसीच्या वाटेवर या पेडलाची परीक्षा दोनदा होते. पहिली ड्रमंडगंजच्या घाटात. रीवा पठार सोडून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १३५ मिर्झापूर जिल्ह्यात उतरतो तो येथूनच, आणि ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींचे अनेक अपघात या उताराने पाहिले आहेत. दुसरी परीक्षा वाराणसीत गोदौलियाच्या चौकात. सायकलरिक्षा, ई-रिक्षा, यात्रेकरूंचे जथे आणि रस्त्याच्या मधोमध निवांत उभा राहिलेला एखादा बैल! घाटात ब्रेकने उष्णता सोसायची असते, गोदौलियात हळुवारपणा दाखवायचा असतो.

वेगवान गाड्यांचे शौकीन ज्याला पेडलाचा ‘फील’ म्हणतात, तो म्हणजे पायाला मिळणारी माहिती होय. पाय जितका दाबला तितकाच वेग कमी व्हावा, आणि दर वेळी तसाच व्हावा, एवढीच चालकाची अपेक्षा असते. पेडल टणक असेल तर हा हिशोब पायालाच कळतो. ते मऊ, स्पंजासारखे असेल, तर किती दाबावे हे अंदाजावर सोडावे लागते.

यामागील तत्त्व पास्कलचे आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो. पेडल ही तरफ; ती पायाचे बळ कित्येक पटींनी वाढवते. त्यात बूस्टरची भर पडते, मास्टर सिलिंडर द्रवावर दाब देतो आणि कॅलिपरमधील दट्ट्या पॅडला डिस्कवर आवळतो. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. नळीत हवेचा लहानसा बुडबुडा राहिला, तरी पायाचे श्रम तो बुडबुडा दाबण्यात खर्ची पडतात. म्हणून पेडल सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नीट ‘हवा काढून घेणे’. गॅरेजमध्ये घाईने उरकले जाणारे कामही नेमके हेच.

दुसरा स्वस्त उपाय म्हणजे ब्रेक ऑइल बदलणे. नाव ऑइल असले तरी हे तेल नव्हे. त्यात चुकून इंजिन ऑइल पडल्यास आतील रबरी सील फुगून निकामी होतात. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या द्रवासाठी किमान २०५ अंश सेल्सिअसची मर्यादा आहे. ओलावा मुरल्यावरची मर्यादा १४० अंश. ‘डॉट ४’साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर ‘डॉट ५.१’साठी २६० आणि १८० आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला, तर जुना द्रव कॅलिपरमध्ये उकळतो, त्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला टेकते. पॅड अतितप्त झाले तर लक्षण वेगळे दिसते: पेडल टणक लागते, पण गाडी थांबत नाही. दोन्हींवर घाटातला उपाय एकच, आणि तो कोणत्याही जुन्या ट्रकचालकाला ठाऊक असतो. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. द्रव मात्र साधारण दोन वर्षांनी, अथवा निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलावा.

यानंतर येतात पोलादी जाळीच्या आवरणाचे होज पाइप. रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतो, जाळीचा फारसा फुगत नाही. जुने पाइप बदलल्यावर फरक पायाला जाणवतो. मोठ्या कॅलिपरचे आकर्षण मात्र फसवे ठरू शकते. त्यांत अधिक द्रव लागतो. मास्टर सिलिंडर पूर्वीचाच ठेवला, तर पेडल उलट अधिक खोल जाते. हजारो रुपये मोजून पेडल बिघडवून घेण्याचा हा प्रकार होय! शर्यतीचे पॅडही असेच. ते तापल्याखेरीज नीट पकडत नाहीत, आणि गोदौलियात ते तापणार तरी कधी?

कर्जावर घेतलेली मोटार बँकेकडे नजरगहाण असते, हे येथे नमूद करणे गैरलागू ठरू नये. मूळ रचनेत फेरफार करण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. अपघातानंतर दाव्याच्या वेळी हे मुद्दे निघतात.

वाराणसीशी ब्रेकचे आणखी एक नाते आहे. येथील डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून जानेवारी १९६४ मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले. २०२० मध्ये या कारखान्याचे नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले, आणि आता तेथे विद्युत इंजिने घडतात. ही इंजिने चालवणाऱ्या लोको पायलटना प्रवासाच्या आरंभी एक चाचणी घ्यावी लागते. तिचे नावच ‘ब्रेक फील टेस्ट’. गाडी कमी वेगात असताना ब्रेक लावायचा आणि वेग अपेक्षेप्रमाणे उतरतो की नाही ते पाहायचे.

मोटारचालकालाही घाटाच्या अलीकडे, हनुमना येथे चहाला थांबल्यावर, अशी चाचणी सहज घेता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, शेवटी दाबूनच ठेवावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल थोडेसे खाली गेले, म्हणजे बूस्टर ठीक आहे. मग अर्धा मिनिट पाय तसाच घट्ट ठेवावा. पेडल हळूहळू खाली सरकत राहिले, तर कोठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील झिजले आहे असे समजावे. अशा गाडीने घाट उतरू नये. आधी ती मेकॅनिकला दाखवावी.