एका वाक्याची मागची-पुढची वाक्ये

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यघटना जाळण्याची भाषा केली होती, असे आपण पुष्कळदा ऐकतो. ते वाक्य कोणत्या चर्चेत आले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ज्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले, तेथे तरी ते नीट सांगावे, असे आम्हांस वाटते.

१९५२ साली लोकसभेच्या निवडणुकीत पराभव झाल्यावर बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले. २ सप्टेंबर १९५३ रोजी तेथे आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा होती. नव्या राज्यात अल्पसंख्याकांचे रक्षण व्हावे म्हणून राज्यपालांना खास अधिकार द्या, अशी त्यांची मागणी होती. घटना मीच केली असे मित्र म्हणतात, पण ती जाळायला मीच पहिला पुढे होईन, असे ते त्या भरात बोलले. आणि लगेच म्हणाले की, लोकशाहीची सर्वांत मोठी हानी अल्पसंख्याकांना दुखावण्याने होते.

१९ मार्च १९५५ रोजी याच सभागृहात त्यांनी एक दृष्टांत दिला. आपण देवासाठी मंदिर बांधले. पण देवाची स्थापना होण्यापूर्वीच ते असुरांनी बळकावले. यावरून त्यांचा रोष कोणावर होता, हे उघड होते.

मतदानात एका सभासदाचे मत एकच भरते. त्याचे भाषण मात्र इतिवृत्तात सबंध राहते. ते सबंधच वाचले पाहिजे.