मळ्यातला मुक्काम आणि मध्यरात्रीची पोटदुखी

मे २०२३ मधली गोष्ट. आमच्या घराण्यातली पुण्या-मुंबईकडची सगळी मंडळी बऱ्याच वर्षांनी गावी जमली. घरात एवढ्यांची सोय होईना, म्हणून मळ्यातल्या आमराईत दोन रात्री मुक्काम करायचे ठरले. पुतण्याने दोन तंबू आणले होते. बाकीच्यांनी झाडाखाली ताडपत्री टाकून सतरंज्या अंथरल्या. संध्याकाळी वळवाची एक सर येऊन गेली होती. पिठलं-भाकरी, आमरस आणि गप्पा होऊन अकरा वाजता सगळे आडवे झाले.

अडीचच्या सुमारास चुलतभावाचा नऊ वर्षांचा नातू पोट धरून रडत उठला. एक उलटी झाली. मी पोट दाबून पाहिले. मऊ होते, तापही नव्हता. "आमरस जास्त झालाय," असे म्हणून मी एक गोळी दिली. आत्याने ओवा दिला. घरात डॉक्टर आहे म्हटल्यावर सगळे निश्चिंत झोपले. मीही झोपलो.

पावणेचारला त्याच्या आईने मला हलवले. "काका, हा डोळेच उघडत नाही हो. बोलतोय तेही बोबडं." बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि माझ्या छातीत धस्स झाले. दोन्ही पापण्या मिटलेल्या, "वर बघ" म्हटले तरी उचलत नव्हत्या. तोंडातली लाळ गिळता येत नव्हती. हा मण्यारीचा दंश होता. अंगावर शोधून खूण सापडली नाही. कानामागे डास चावल्यासारखा एक ठिपका तेवढा होता.

"साप कोणी पाहिलाच नाही, मग चावला कसा?" थोरल्या भावाने विचारले. शेजारच्या गावातल्या मांत्रिकाचे नावही निघाले. तेव्हा आत्या कडाडली, "पोराला आधी गाडीत घाला, मग बोला!" जीप निघाली. वाटेत मुलाला कुशीवर धरून मी रुग्णालयात फोन केला. पाऊण तासाने सापाची लस सुरू झाली. तरीही थोड्याच वेळात श्वास उथळ झाला. नळी घालून, हाताने फुगा दाबत त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागले. तीन दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. आठव्या दिवशी चालत घरी आला. साप मात्र आम्हाला शेवटपर्यंत दिसला नाही.

वाचकहो, तीस वर्षे डॉक्टरकी करूनही मी सव्वा तास गमावला. म्हणूनच हे लिहितो आहे.

मण्यार हा काळसर, अंगावर पांढरे बारीक पट्टे असलेला साप. तो रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. दात इतके बारीक की वेदना, सूज जवळजवळ नसते. काही वेळाने पोट दुखते, उलटी होते, मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हे विष मज्जातंतूंची टोके निकामी करते. एकदा झालेली इजा लसीने लगेच भरून येत नाही. लस फक्त रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते. म्हणून ती लवकर मिळाली पाहिजे आणि श्वास थांबलाच तर तो यंत्राने चालू ठेवला पाहिजे. तेवढे झाले तर रोगी बहुधा पूर्ण बरा होतो.

आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नाही. लहान मुलालाही मोठ्यांइतकीच लस लागते, कारण विष तेवढेच असते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

काय करावे?
१) रोग्याला धीर द्या, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा.
२) लाळ गिळता येत नसेल तर कुशीवर झोपवा. खायला-प्यायला देऊ नका.
३) १०८ क्रमांकावर फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा.

काय करू नये?
१) दोरी करकचून आवळू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने विष ओढू नका.
२) मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.
३) खूण दिसत नाही म्हणून थांबू नका.

मळ्यात, अंगणात झोपायचेच असेल तर खाट वापरा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री उठताना बॅटरी हातात हवी. सरपणाचे व दगडांचे ढीग अंथरुणापासून लांब असू द्यात.

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा त्याच आमराईत जमलो. या वेळी आत्याने आधी खाटा आणि मच्छरदाण्या मोजल्या, मग माणसे. जमिनीवर झोपलेल्या माणसाचे रात्री एकाएकी पोट दुखू लागले तर ओवा द्यायच्या आधी त्याच्या पापण्या पाहा आणि उजाडण्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्या.