जयंतीची मिरवणूक आणि वैशाखाचे ऊन



१४ एप्रिलची जयंती, १ मेचे ध्वजवंदन आणि वैशाखातली बुद्धपौर्णिमा हे तिन्ही दिवस ऐन उन्हाळ्यात येतात. कार्यक्रम सगळे उघड्यावर. वर्गणी, मंडप, डीजे ठरतो. उन्हाचा विचार मात्र शेवटी, तोही सरबतापुरता. तो आधी व्हावा, असे आम्हाला वाटते.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता. मग माणसे का दगावली?

आपले शरीर घामाने थंड होते. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. समुद्राकाठच्या दमट हवेत आणि गर्दीत तो वाळत नाही. अंगातली उष्णता अंगातच राहते. म्हणूनच हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांना सावध होते, किनारपट्टीवर ३७ अंशांनाच.

आपल्या वस्तीत आणखी एक भर पडते. पत्र्याचे घर रात्रीही निवत नाही. झोप अर्धवट, अंगातले पाणी आधीच कमी, आणि सकाळी तेच शरीर लेझीम खेळायला उतरते. म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर बाया, बीपीची किंवा लघवीची गोळी घेणारे यांना धोका जास्त. दारू प्यायलेल्याचे पाणी तर आणखी लवकर कमी होते.

चक्कर, पायात गोळे, मळमळ, डोके ठणकणे ही पहिली खूण. माणसाला सावलीत बसवा, कपडे सैल करा, घोटघोट पाणी द्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. अंग घामाने ओले असले तरीही! १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, मान, बगला, जांघेत बर्फ कापडात गुंडाळून ठेवा. आधी गार करायचे, मग न्यायचे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका. तापाची गोळी इथे कामाची नाही.

मंडळाच्या बैठकीत एवढे ठरवा : अभिवादन आणि ध्वजवंदन सकाळी लवकर, मिरवणूक ऊन उतरल्यावर. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कोणी नको. पाहुण्यांसाठी मुलांना उन्हात ताटकळत ठेवायचे नाही. पाहुणे उशिरा आले तर कार्यक्रम त्यांच्याविना सुरू. वाटेत ठिकठिकाणी सावली, पाण्याचे पिंप, आणि पाण्यावर लक्ष ठेवणारे दोन कार्यकर्ते. डीजेचे थोडे पैसे इकडे वळवले तरी हे सगळे होते.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केला. त्यांच्या जयंतीत पाण्यावाचून कोणी कोसळू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.