सीताफळाच्या गरातील दगडी पेशी

बालाघाटच्या डोंगरांतील हलक्या, मुरमाड जमिनीवर तग धरणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि अंबाजोगाई येथे तर या फळासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे स्वतंत्र संशोधन केंद्रच आहे. डोळे पडलेले फळ उतरवून पिकवल्यावर त्याचा गर लोण्यासारखा मऊ होतो. तरीही सालीलगतचा गर खाताना दाताखाली बारीक, रेतीसारखे कण येतात. हे कण मातीचे किंवा साखरेचे नसून त्या फळाच्याच पेशी आहेत, आणि एकाच गरात मऊ व दगडासारख्या कठीण पेशी शेजारी शेजारी कशा राहतात, हा पेशीविज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आहे.

सजीवाच्या रचनेचा व कार्याचा सर्वांत लहान घटक म्हणजे पेशी. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले आणि ज्यांना पेशी हे नाव दिले, त्या प्रत्यक्षात मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. पुढे १८३८ व १८३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असल्याचा सिद्धांत मांडला, आणि नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हे सूत्र फिरखो यांनी १८५५ मध्ये ठामपणे पुढे आणले.

पिकलेल्या गराचा मोहरीएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पातळ भित्तिकेच्या मोठ्या, फुगीर पेशी दिसतात. त्यांचा बहुतेक भाग रिक्तिकेने, म्हणजे साखर विरघळलेल्या पाण्याच्या पिशवीने, व्यापलेला असतो. कच्च्या गरावर आयोडीनचा थेंब टाकल्यास पेशींतील पिष्टकण निळेकाळे होतात, तर पिकलेल्या गरात हा रंग फिका पडतो, कारण पिकताना विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. याच काळात शेजारच्या पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन विरघळते, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि गर मऊ होतो.

दाताखाली येणारे कण मात्र या बदलाला दाद देत नाहीत. असा एक कण सुईने विलग करून त्यावर फ्लोरोग्लुसिनॉलचे द्रावण आणि मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले, की तो काही क्षणांत लालभडक होतो आणि भोवतीचा गर मात्र रंगहीनच राहतो. हा लाल रंग लिग्निनची खूण आहे. लाकडाला कठीणपणा देणारे हेच द्रव्य या पेशींच्या भित्तिकेत थरावर थर साचलेले असते. चारशे पट मोठ्या केलेल्या प्रतिमेत भित्तिका इतकी जाड दिसते, की आत केवळ अरुंद पोकळी उरते आणि तिच्यापासून बारीक नलिका भित्तिकेतून बाहेर जातात. भित्तिका पूर्ण होताच आतील जीवद्रव्य नष्ट होते. अशा पेशींना अश्मपेशी म्हणतात. पेक्टिन विरघळवणाऱ्या विकरांना लिग्निन फोडता येत नसल्यामुळे फळ कितीही पिकले तरी हे कण विरत नाहीत.

मऊ पेशी आणि अश्मपेशी यांची वाटचाल वेगळी असली तरी त्यांचा आनुवंशिक वारसा एकच असतो. तो पाहण्यासाठी रोपाच्या मुळाचे टोक निवडतात, कारण तेथे पेशींचे विभाजन सतत चालू असते. ते टोक अल्कोहोल व अॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवून स्थिर करतात, सौम्य आम्लात मऊ करतात आणि अॅसिटोकार्मिनने रंगवून दोन काचांमध्ये चेपतात. तेव्हा विभाजित होणाऱ्या पेशीत सीताफळाची १४ गुणसूत्रे मोजता येतात. या गुणसूत्रांवरील कोणती जनुके केव्हा कार्यरत होतात, यावर पेशी साखर साठवणार की भित्तिका जाड करून मरणार, हे ठरते.

प्रयोगशाळेतील प्रत्येक पद्धत पेशीची एकच बाजू उघड करते: आयोडीन पिष्ट दाखवते, फ्लोरोग्लुसिनॉल लिग्निन दाखवते आणि अॅसिटोकार्मिन गुणसूत्रे दाखवते. साधा प्रकाश सूक्ष्मदर्शक मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही. भित्तिकेचे त्याहून सूक्ष्म थर पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. मात्र सीताफळाच्या गरातील दोन्ही पेशी ओळखण्यासाठी जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयातील साधे उपकरणही पुरते, आणि आम्लाचे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली केल्यास कांद्याच्या पापुद्र्याइतकेच हे फळही पेशीचा पहिला धडा देऊ शकते. हूक यांनी बुचात पाहिलेली मृत भिंत आणि तिच्या शेजारची रसाने भरलेली पेशी, दोन्ही तेथे एकाच काचपट्टीवर दिसतात.