कल्याणच्या तबकड्या आणि मागच्या खोलीतलं वाय-फाय

खालापूर तालुक्यात चौकजवळ घर बांधलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे: दोनशे एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं, हॉलमध्ये झकास चालतं, पण मागच्या खोलीत मुलीचा ऑनलाइन तास सारखा अडकतो. नवा राउटर चार अँटेनांचा घेऊ की सहा?

तूर्त कुठलाच नको. आधी लॅपटॉप वायरने राउटरला जोडा आणि वेग मोजा. आकडा पंचाण्णवच्या आसपास अडला, तर बहुधा कुठलं तरी पोर्ट शंभराचंच आहे. ते राउटरचं निघालं तर खुशाल नवा घ्या. वायरवर दोनशे मिळत असतील, तर गडबड हवेत आहे, आणि तिथे गोष्ट रंजक होते.

कर्जत स्टेशनवर गाडीची घोषणा नीट ऐकून पाहा. जवळच्या कर्ण्याचा आवाज आधी येतो, दूरच्याचा मागून. चौतीस मीटर लांबचा कर्णा सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे पडतो, आणि तेवढ्यात पुढचं अक्षर सुरू झालेलं असतं. ‘खोपोली’ आणि पुढचा शब्द यांची खिचडी होते ती अशी. बोलणारीने सावकाश बोलावं, एवढाच उपाय.

घरात रेडिओलहरींचं हेच होतं. एक लहर थेट फोनकडे येते, दुसरी स्लॅबवर आपटून, तिसरी लोखंडी कपाटावरून, चौथी गच्चीवरच्या पत्र्यावरून. सगळ्या थोड्या थोड्या उशिराने. पण सावकाश बोललं तर व्हिडिओ कसा दिसणार? यावरची युक्ती मला फार आवडते. एकाने घाईघाईने वाचण्याऐवजी ४८ जणांनी एकाच वेळी, प्रत्येकाने आपापल्या सुरात, अगदी संथ वाचायचं. ऐकणाऱ्याने गणिताने सूर वेगळे करायचे. १९९९ च्या वाय-फाय मानकात हेच आहे: माहिती वाहणाऱ्या ४८ उपलहरी, प्रत्येक ‘अक्षर’ ४ मायक्रोसेकंदांचं, आणि त्यातले ०.८ मायक्रोसेकंद निव्वळ प्रतिध्वनी विरून जावा म्हणून सोडलेले. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. चौकचा कुठलाही बंगला त्यात आरामात मावतो.

‘कृष्णविवरं शोधताना वाय-फाय सापडलं’ हा मजकूर तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. छोटी कृष्णविवरं फुटताना रेडिओलहरींचा स्फोट व्हावा, या कल्पनेमागे जॉन ओ'सलिव्हन हा ऑस्ट्रेलियन अभियंता आणि त्याचे सहकारी १९७० च्या दशकात लागले होते. सापडलं काहीच नाही. पण अंतराळात फाकून गेलेला संकेत पुन्हा सावरायचा कसा, याची सवय झाली. पुढे ती ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत घरातल्या प्रतिध्वनींवर कामी आली. १९९६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं, आणि त्यावर संस्थेने पुढे कोट्यवधी डॉलर वसूल केले. मात्र अनेक सुरांची मूळ कल्पना १९६६ मध्येच बेल लॅब्जच्या रॉबर्ट चँग यांनी मांडली होती. आणि विनापरवाना लहरी वापरू द्या, असा धोशा लावून अमेरिकेत १९८५ मध्ये तसा नियम करून घेणाऱ्या मायकेल मार्कस या सरकारी अभियंत्याचं नाव तर कुणी घेतच नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा व्हायला २००५ उजाडलं.

त्याच सीएसआयआरओच्या रेडिओ विभागात १९५३ ते ५५ या काळात एक भारतीय तरुण शिकत होता: गोविंद स्वरूप. सिडनीजवळ पॉट्स हिल इथल्या ३२ तबकड्या मोडीत निघणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. आल्या, आणि बरीच वर्षं पडून राहिल्या. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्यावर १९६५ मध्ये त्या उभ्या राहिल्या कुठे, तर कल्याणजवळ! जेमतेम १.८ मीटर व्यासाच्या या तबकड्या सूर्याकडे तोंड करून बसल्या. आपली कर्जत लोकल रोज त्या गावावरून जाते, पण देशाच्या पहिल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीची आठवण डब्यात कुणी काढताना मी ऐकलेलं नाही. पुढे जुन्नरजवळ खोडदला ४५ मीटरच्या तीस डिश उभ्या करणारे स्वरूप सगळ्यांना माहीत. कल्याणचे स्वरूप विसरले गेले.

तबकड्यांच्या कामात अडचण आपल्या मागच्या खोलीचीच होती. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी नेमक्या एका क्षणी भेटायला हव्यात. एखाद्या वायरची लांबी उन्हाने किंचित वाढली तरी हिशेब चुकतो. स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांग यांनी १९६१ मध्ये त्यावर तोड सांगितली: वायरीतून संकेत पाठवा, टोकाशी परतवा, आणि जाऊन-येऊन किती फरक पडला ते मोजा. जगभरच्या दुर्बिणींनी ती उचलली.

आता बंगल्याकडे. राउटर कुठे आहे? दाराशी, चपलांच्या स्टँडवर. कारण केबलवाल्याला भोक तिथे पाडणं सोपं होतं. तो घराच्या मध्यावर, माणसाच्या उंचीवर आणा. सल्ले बहुतेक मुंबईच्या टॉवरसाठी लिहिलेले असतात: पाच गिगाहर्ट्‌झ वापरा, २.४ वर गर्दी आहे. नेरळ-खोपोलीच्या नव्या सोसायट्यांत ते खरंच आहे, कारण २.४ वर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच. पण शेजारी थेट आंब्याच्या बागेपलीकडे असेल, तर २.४ बिनधास्त वापरा. भिंती तोच जास्त पार करतो. राउटरच्या डब्यावरचे १२०० म्हणजे ३०० आणि ८६७ यांची फुगवलेली बेरीज. फोन एरवी एका वेळी एकच पट्टा धरतो. आणि सहा अँटेना घेतल्या तरी मुलीच्या फोनमध्ये बहुधा दोनच.

एक्स्टेंडर म्हणजे घाट चढायला कर्जतला मागून लावतात ते बँकर इंजिन, असं दुकानदार सांगेल. बँकर जोर वाढवतो. साधा एक्स्टेंडर त्याच चॅनेलवर आधी ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर न्या आणि तिथे जुनाच राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. शंभर मीटरपर्यंत वायर बिनतक्रार चालते, तुम्हाला वीस पुरेल. भिंतीला पाइप मात्र पावसाच्या आधी टाकून घ्या, आणि फायबरचा डबा, राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकच घेतला तर वीज गेल्यावर दिवे लागलेले दिसतील, तास बंदच राहील.